चार गोल्ड मिळाली, सलिव्हन अवॉर्ड नाही: जेसी ओवेन्सचं प्रकरण

अमेरिकेत हौशी, म्हणजे खेळण्याचे पैसे न घेणाऱ्या खेळाडूंसाठी एक मोठं अवॉर्ड आहे, जेम्स ई. सलिव्हन अवॉर्ड. १९३० पासून दरवर्षी देतात, देणारी संस्था अमॅच्युअर ॲथलेटिक युनियन, म्हणजे एएयू. कुठल्याही खेळातला खेळाडू चालतो, पण वर्षाला साधारण एकच नाव निघतं, त्यामुळे मान मोठा. यादी काढून बघितली तर मार्क स्पिट्झ आहे, कार्ल लुईस आहे, फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर आहे, मायकेल फेल्प्स आहे. पण १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार गोल्ड जिंकलेला कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटू जेसी ओवेन्स नाहीये. मी पहिल्यांदा यादी वाचली तेव्हा वाटलं आपली नजर चुकली असेल, परत वरपासून खालपर्यंत बघितलं, तरी नाही. १९३५ ला लॉसन लिटल नावाचा गोल्फर आणि १९३६ ला ग्लेन मॉरिस नावाचा डेकॅथलॉनवाला, म्हणजे धावणं, उड्या, फेक असे दहा प्रकार मिळून जी एक स्पर्धा असते त्यातला.

हे असं का झालं यावर लोक एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होतात, वर्णद्वेष. ते खोटं नाहीच, पण तेवढ्यावर थांबलं तर या प्रकरणातली खरी मेख हातची निसटते, असं माझं मत. म्हणून सगळं नीट मांडून बघू.

अवॉर्ड नक्की कशासाठी

या अवॉर्डचा निकष फक्त रेकॉर्ड आणि मेडल हा नाही. ज्या हौशी खेळाडूने आपल्या कामगिरीने, उदाहरणाने आणि प्रभावाने त्या वर्षात खिलाडूवृत्तीसाठी सगळ्यात जास्त केलं त्याला ते द्यायचं, असं ते आहे. म्हणजे कामगिरी हा तीनातला एक भाग, उरलेले दोन म्हणजे माणूस कसा वागला. आणि वागणं चांगलं की वाईट हे ठरवणार कोण, तर क्रीडा क्षेत्रातली मंडळी मतं देतात, पण तो खेळाडू मुळात हौशी आहे का नाही याचा शिक्का मात्र एएयूच्याच हातात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ज्यांच्या नावाने अवॉर्ड आहे ते सलिव्हन १९१४ मध्ये वारले. एएयूच्या स्थापनेपासूनचे माणूस, १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकचा कारभार त्यांनीच बघितला. हौशीपणाच्या बाबतीत भयंकर कडक. जिम थॉर्पचं प्रकरण बऱ्याच जणांना माहीत असेल, १९१२ ला स्टॉकहोममध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन दोन्ही जिंकलेला मूलनिवासी अमेरिकन खेळाडू, त्याने आधी १९०९-१० मध्ये नॉर्थ कॅरोलिनात किरकोळ पैशांसाठी बेसबॉल खेळलं होतं हे बाहेर आलं आणि १९१३ च्या सुरुवातीला त्याची मेडल्स गेली, तेव्हा एएयूचे सेक्रेटरी हेच सलिव्हन. आता गंमत बघा, या सलिव्हन साहेबांचं स्वतःचं पोट कशावर चालायचं, तर स्पाल्डिंग या खेळाचं सामान विकणाऱ्या कंपनीच्या प्रकाशन धंद्यावर. म्हणजे खेळावर पगार घ्यायचा तो चालतो, खेळाडूने दोन डॉलर घेतले की बाटला.

२५ मे १९३५

ओवेन्स तेव्हा २१ वर्षांचा, ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत. जन्म अलाबामातला, बाप वाट्याने शेती करणारा, पुढे घर क्लीव्हलँडला आलं. युनिव्हर्सिटीने ॲथलेटिक्सची स्कॉलरशिप वगैरे काही दिली नव्हती, राहायला कॅम्पसच्या बाहेर, टीमसोबत बाहेरगावी गेलं की जेवायला आणि झोपायला गोऱ्या पोरांपासून वेगळं. वर घरी लहान मुलीची जबाबदारी. स्टेटहाऊसमध्ये म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीत मालवाहू लिफ्ट चालवायचं काम करून शिकत होता.

त्या दिवशी ॲन आर्बरला मिशिगन युनिव्हर्सिटीच्या मैदानावर बिग टेन या युनिव्हर्सिटींच्या गटाची स्पर्धा होती. त्याची पाठ काही दिवसांपूर्वी जिन्यावरून पडल्यामुळे आखडलेली, वाकता येत नव्हतं, कोच लॅरी स्नायडर म्हणत होते की राहू दे. हा म्हणाला आधी १०० यार्ड पळून बघतो. सव्वातीनला पळाला, ९.४ सेकंद, वर्ल्ड रेकॉर्डशी बरोबरी. दहा मिनिटांत लांब उडी. उडीच्या खड्ड्याशेजारी जपानच्या चुहेई नांबूचा रेकॉर्ड होता त्या अंतरावर रुमाल ठेवला आणि एकच उडी मारली, ८.१३ मीटर. आठ मीटरच्या पलीकडे जगात त्याआधी कुणी गेलेलं नव्हतं, आणि हा रेकॉर्ड पुढे १९६० पर्यंत २५ वर्षं टिकला. मग नऊ मिनिटांनी २२० यार्ड २०.३ सेकंदात, आणि चार वाजता २२० यार्ड लो हर्डल्स, म्हणजे कमी उंचीच्या अडथळ्यांची शर्यत, २२.६ मध्ये. पाऊण तासात तीन नवे वर्ल्ड रेकॉर्ड आणि एकाची बरोबरी, आणि २२० यार्डवाले दोन २०० मीटरलाही धरले जायचे म्हणून काहीजण आकडा सहा सांगतात. पाठ दुखत असताना. ॲथलेटिक्सच्या इतिहासात एका माणसाची एवढी मोठी दुपार दुसरी दाखवा म्हटलं तर कुणाला दाखवता येईल असं मला वाटत नाही.

त्या वर्षाचं अवॉर्ड लॉसन लिटलला गेलं.

आता लिटल काही ऐरागैरा नव्हता, हे मान्य करायला पाहिजे. ब्रिटिश अमॅच्युअर आणि यूएस अमॅच्युअर या दोन्ही स्पर्धा त्याने १९३४ ला जिंकल्या आणि १९३५ ला परत दोन्ही जिंकल्या, हे भन्नाटच आहे. योगायोग म्हणजे १९३५ ची यूएस अमॅच्युअर झाली ती क्लीव्हलँडच्या कंट्री क्लबमध्ये, म्हणजे ओवेन्सच्याच गावात. तिथे ओवेन्ससारख्याच्या घरच्या माणसाला आत जायचं तर नोकर म्हणूनच जावं लागलं असतं. आर्मी ऑफिसरचा मुलगा, स्टॅनफर्डचा विद्यार्थी, वर्षभर समुद्र ओलांडून गोल्फ खेळत फिरू शकणारा, असा माणूस हौशी राहू शकतो, त्याला अडचण काय? आणि अवॉर्डनंतर काही महिन्यांत, १९३६ मध्ये, तो प्रोफेशनल झाला, स्पाल्डिंगसोबत करार केला. हो, तीच स्पाल्डिंग. कुणी कपाळाला आठी घातली नाही. तशी घालायची परंपराच नव्हती म्हणा, कारण १९३० चा पहिलाच मानकरी बॉबी जोन्स, त्याने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्पर्धांमधून निवृत्ती आणि गोल्फ शिकवणाऱ्या फिल्म्सचा करार एकदमच जाहीर केले होते.

ओवेन्सच्या बाजूला याच १९३५ मध्ये काय चाललं होतं बघा. ओहायोच्या विधिमंडळात त्याला पेजचं काम मिळालं होतं, म्हणजे सभागृहातला शिपाई-निरोप्या टाइप काम. उन्हाळ्यात तो स्पर्धांसाठी कॅलिफोर्नियात असताना त्या कामाचे १५९ डॉलर त्याच्या नावावर निघाले. झालं, एएयूची चौकशी. काम न करता पैसे घेतले म्हणजे पळण्याचेच घेतले असा संशय. त्याने ते पैसे परत केले तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. १५९ डॉलर! तेवढ्यासाठी हौशीपणा धोक्यात, आणि तिकडे कंट्री क्लबचं सगळं आयुष्य हौशीपणात बसतं.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितोय. त्या उन्हाळ्यात ओवेन्स ढेपाळला होता. ४ जुलैला नेब्रास्कातल्या लिंकनला एएयूच्याच नॅशनल चॅम्पियनशिपमध्ये युलेस पीकॉकने त्याला १०० मीटर आणि लांब उडी दोन्हींत हरवलं, आणि पीकॉककडून त्या सीझनला तो आणखीही हरला. (पीकॉकसुद्धा कृष्णवर्णीयच, १९३६ ला स्नायू दुखावला आणि बर्लिनला जाऊच शकला नाही, त्याची स्वतंत्र गोष्ट लिहिण्यासारखी आहे.) त्यामुळे मत देणाऱ्याने म्हटलं असतं की बाबा याची एक दुपार भारी, पण लिटलचं अख्खं वर्ष भारी, तर ते अगदीच बिनबुडाचं नाही. १९३५ बद्दल मी एवढी सूट द्यायला तयार आहे. १९३६ बद्दल नाही.

बर्लिन, आणि त्याच्यानंतरचे दोन आठवडे

बर्लिनचं सगळ्यांना पाठ आहे, ३ ऑगस्टला १०० मीटर, ४ ला लांब उडी, ५ ला २०० मीटर, ९ ला ४ बाय १०० रिले, चार गोल्ड, हिटलरच्या डोळ्यांसमोर. रिलेत मार्टी ग्लिकमन आणि सॅम स्टोलर या दोन ज्यू पोरांना ऐनवेळी काढून ओवेन्स आणि मेटकाफ या दुसऱ्या स्प्रिंटरला घातलं होतं, तो डाग अमेरिकन टीमच्या कारभाऱ्यांवर आहे, ओवेन्सवर नाही.

पण या प्रकरणासाठी महत्त्वाचं आहे ते त्याच्यापुढचं, जे फार कमी लिहिलं जातं. एएयूने आधीच युरोपातल्या आयोजकांशी बोलणी करून ठेवलेली होती. ऑलिंपिक संपलं की अमेरिकन खेळाडू गावोगाव पळणार, तिकीटविक्रीतला हिस्सा संघटनेला. खेळाडूंना काय? काही नाही, ते हौशी ना. ओवेन्सला बर्लिनमध्ये शेवटची शर्यत संपते न संपते तोच कलोनला पाठवलं, मग प्राग, मग बोखुम, मग १५ ऑगस्टला लंडनला व्हाइट सिटी स्टेडियम. खिशात पैसे नाहीत, खाण्यापिण्याचे हाल, आणि तिकडे अमेरिकेतून तारांवर तारा येतायत की इकडे ये, शो कर, हजारो डॉलर देतो. एडी कँटर या विनोदी नटाच्या ऑफरचा आकडा ४०,००० डॉलर सांगितला जायचा. पुढचा मुक्काम स्वीडन होता. स्नायडर कोच त्याच्यासोबत होते, दोघांनी विचार केला आणि ओवेन्स म्हणाला मी नाही येत, घरी जातो.

एएयूने त्याला सस्पेंड केलं. लगेच. बर्लिनचं चौथं गोल्ड जिंकून आठवडाही धड झाला असेल नसेल.

त्या वेळी एएयूचे अध्यक्ष कोण होते, तर ॲव्हरी ब्रुंडेज. हेच अमेरिकन ऑलिंपिक कमिटीचेही अध्यक्ष. १९३५ च्या डिसेंबरमध्ये बर्लिनवर बहिष्कार टाकायचा का यावर न्यूयॉर्कला एएयूत जे मतदान झालं ते अडीच मतांच्या फरकाने यांच्या, म्हणजे बर्लिनला जायचंच या बाजूने लागलं, बहिष्काराच्या बाजूचे जेरेमाया महोनी अध्यक्षपदावरून गेले आणि हे अध्यक्ष झाले. १९१२ ला स्टॉकहोमच्या डेकॅथलॉनमध्ये जिम थॉर्पसोबत हेसुद्धा पळत होते आणि सोळावे आले होते, तेही नोंदवून ठेवतो, त्यातून काय अर्थ काढायचा तो ज्याचा त्याने काढा. स्वतः बांधकामाच्या धंद्यात गडगंज झालेला माणूस. हौशीपणावर यांची श्रद्धा खरी होती असं मला वाटतं, ढोंगी म्हणून मी त्यांना सोडून देणार नाही, कारण ढोंगी माणसाला निदान मनात तरी ठाऊक असतं की आपण अन्याय करतोय.

आता सगळी बाजू मांडून बघा. दौरा ठरवणारी एएयू. तिकिटाचा हिस्सा घेणारी एएयू. दौरा सोडला म्हणून शिक्षा करणारी एएयू. आणि वर्षाअखेरीला आदर्श हौशी खेळाडू कोण, हे अवॉर्ड देणारीही एएयूच. सासूशी भांडण झालं आणि निवाड्याला परत सासूलाच बसवलं, त्यातली गत. निकषात उदाहरण आणि प्रभाव हे शब्द आहेत, आणि ज्याला तुम्ही स्वतःच बेशिस्त म्हणून ऑगस्टमध्ये बाहेर काढलं त्याला डिसेंबरमध्ये उदाहरण म्हणून कसं उभं करणार? केलं तर स्वतःची शिक्षा चुकली हे कबूल केल्यासारखं होणार. म्हणजे मतपत्रिका छापायच्या आधीच निम्मा निकाल लागलेला होता.

मग मॉरिस कसा काय

ग्लेन मॉरिस हा कोलोरॅडोतल्या सिमला नावाच्या खेड्यातला पोरगा, गाड्या विकायचं काम करायचा. डेकॅथलॉन खेळायलाच त्याने १९३६ मध्ये सुरुवात केली, एप्रिलमध्ये कॅन्सस रिलेज या स्पर्धेत पहिली, मग ऑलिंपिकच्या ट्रायल्सला दुसरी, आणि तिसरी थेट बर्लिनला, गोल्ड आणि वर्ल्ड रेकॉर्ड ७,९०० गुण. तिसऱ्या डेकॅथलॉनमध्ये ऑलिंपिक चॅम्पियन, हे वाचून मी जरा थबकलोच. त्यामुळे मॉरिसला कमी लेखायचं कारण नाही. त्याच्याबद्दल पुढे काही चांगलं घडलं नाही हेही खरं, हॉलिवूडमध्ये टारझन म्हणून एक सिनेमा केला, चालला नाही, दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत पॅसिफिकला होता, त्यातून आला तो वेगळाच माणूस होऊन, १९७४ ला गेला.

मतं देणाऱ्यांना डेकॅथलॉनचं वेड होतं हेही यादीत दिसतं. १९३१ बार्नी बर्लिंजर, १९३२ जिम बॉश, १९३६ मॉरिस, १९४८ बॉब मथायस, १९६० रेफर जॉन्सन, सगळे डेकॅथलॉनवाले. दहा प्रकार करणारा म्हणजे पूर्ण खेळाडू, असा तो विचार. तेव्हा कुणी म्हणालं की ओवेन्सचा रंग सोडा हो, मॉरिस डेकॅथलॉनमुळे जिंकला, तर त्याला पुरावा आहे.

पण थांबा. तपासायचा एक सोपा मार्ग आहे, त्याच वर्षी त्याच देशात दुसऱ्या कुणी निवड केली असेल तर ती बघायची. असोसिएटेड प्रेस ही बातम्यांची संस्था देशभरच्या क्रीडापत्रकारांची मतं घेऊन वर्षाचा खेळाडू ठरवायची. १९३६ चा त्यांचा पुरुष खेळाडू कोण? जेसी ओवेन्स. तेच पत्रकार, त्याच वर्णद्वेषी अमेरिकेतले, त्यांतल्या कितीतरी जणांच्या पेपरात कृष्णवर्णीय माणसाचा धड फोटो छापत नव्हते. तरी त्यांनी ओवेन्स निवडला, कारण त्यांच्यासमोर प्रश्न साधा होता, यंदा सगळ्यात भारी कोण खेळला. एएयूसमोर प्रश्न वेगळा होता, आमच्या नियमात सगळ्यात नीट कोण वागला.

आणि हो, रंगाचा भाग किती होता याचंही मोजमाप यादीतच आहे. १९३२ ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये एडी टोलन या कृष्णवर्णीय धावपटूने १०० आणि २०० दोन्ही जिंकल्या, त्याला कुणी सस्पेंड बिस्पेंड केलेलं नव्हतं, अवॉर्ड बॉशला. १९४८ ला हॅरिसन डिलार्डने १०० मीटर आणि रिले, माल व्हिटफिल्डने ८०० मीटर आणि रिले, अवॉर्ड मथायसला. पहिला कृष्णवर्णीय मानकरी १९५४ ला झाला, हाच व्हिटफिल्ड, तोपर्यंत एअर फोर्समधला शिपाई म्हणून कोरियाच्या युद्धात विमानातून मोहिमाही करून आला होता आणि दोन ऑलिंपिकमध्ये ८०० जिंकून झालेला होता. म्हणजे पहिली २४ वर्षं एकही नाही. दरवेळी काहीतरी कारण असेलच, दरवेळी समोरचा खेळाडूही चांगला असेल, पण २४ वर्षं सलग कारण सापडत राहतं तेव्हा तो योगायोग म्हणवत नाही.

माझा हिशोब असा आहे की रंग हे कारण कायमचं पाठीमागे उभं होतं आणि हौशीपणाचे नियम हे त्याचं हत्यार झालं, मुद्दाम कुणी ठरवून केलं असेल नसेल. गरीब माणूस पैशाला शिवल्याशिवाय खेळू शकत नाही, आणि त्या काळच्या अमेरिकेत गरीब आणि काळा हे दोन्ही बहुतेक वेळा एकाच घरात सापडायचं. त्यामुळे नियमात रंगाचा एक शब्द न लिहिताही काम होत होतं. १५९ डॉलरची चौकशी गोल्फरची होत नाही, कारण गोल्फरला १५९ डॉलर लागतच नाहीत.

सस्पेन्शनचा पुढचा हिशोब

ज्या ऑफर्ससाठी तो परत आला त्यातल्या बहुतेक हवेत विरल्या. न्यूयॉर्कला मिरवणूक निघाली, आणि वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात स्वतःच्याच सत्काराला जायला त्याला मालवाहू लिफ्टने वर जावं लागलं, कॉलेजात जी चालवायचा तसलीच. प्रेसिडेंट रूझवेल्ट यांच्याकडून साधी अभिनंदनाची तार नाही.

डिसेंबरमध्ये हवानाला एक शर्यत ठरली, क्युबाचा नंबर एकचा स्प्रिंटर कॉनराडो रॉड्रिगेझ विरुद्ध ओवेन्स. एएयूने सांगितलं की ओवेन्ससोबत पळाला तर त्या रॉड्रिगेझचाही हौशी दर्जा जाईल. तो बिचारा मागे हटला. पैसे देणाऱ्यांनी मग घोडा आणला. २६ डिसेंबर १९३६, ज्युलिओ मॅकॉ नावाचा घोडा, ओवेन्सला ४० यार्डांची सूट, ओवेन्स जिंकला. माणूस घोड्याबरोबर पळाला हा किस्सा सगळे चवीने सांगतात, पण मूळ ठरलेली शर्यत माणसाबरोबर होती आणि ती कुणी मोडली हे कुणी सांगत नाही! घोड्याला एएयूचे नियम लागू नव्हते एवढंच.

तेव्हा तो २३ वर्षांचा होता. स्पर्धा त्याच्यासाठी संपल्या होत्या. पुढे ड्रायक्लीनिंगचा धंदा काढला, तो बुडाला, दिवाळखोरी झाली, परत कुठे कुठे प्रदर्शनी शर्यती. मग शीतयुद्धात सरकारला त्याची आठवण झाली, १९५५ मध्ये अमेरिकेचा सदिच्छा दूत म्हणून त्याला आशियात पाठवलं, त्यात भारतही होता. म्हणजे घरी ज्याला अवॉर्ड द्यायला नको तो बाहेर दाखवायला हवा. १९७६ ला प्रेसिडेंट फोर्ड यांनी मेडल ऑफ फ्रीडम दिलं, १९८० ला तो गेला, १९९० ला काँग्रेसचं गोल्ड मेडल, मरणोत्तर. वरातीमागून घोडं आपल्याकडेच येतं असं नाही. खाशाबा जाधवांचं आपण बघितलंय, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल, १९८४ ला अपघातात गेले आणि अर्जुन मिळायला त्यानंतरही पंधरा-सोळा वर्षं लागली. पण तिथे विसर आणि अनास्था होती, ओवेन्सच्या बाबतीत तर व्यवस्थित लक्ष ठेवून नाकारलं गेलं, दोन्ही एका तागडीत टाकता येत नाहीत.

१९५५ चं सलिव्हन मात्र हॅरिसन डिलार्डला मिळालं. तोही क्लीव्हलँडचा, ओवेन्सच्याच ईस्ट टेक हायस्कूलचा. १९३६ ची क्लीव्हलँडमधली मिरवणूक त्याने पोरवयात रस्त्यावर उभं राहून बघितली होती, आणि पुढे ओवेन्सने त्याला पळायचे बूट दिले होते.

आत्ताची परिस्थिती

ब्रुंडेज १९५२ ते १९७२ आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक कमिटीचे अध्यक्ष होते, ते असेपर्यंत थॉर्पची मेडल्स परत मिळाली नाहीत. १९८२ ला त्याला संयुक्त विजेता केलं आणि २०२२ ला एकट्याचं गोल्ड मान्य झालं. ऑलिंपिकमधून हौशीपणाची अट टप्प्याटप्प्याने गेलीच. सलिव्हन अवॉर्ड चालू आहे, आता ते मुख्यतः कॉलेज आणि ऑलिंपिक पातळीच्या खेळाडूंना देतात. १ जुलै २०२१ पासून अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिराती करून उघड पैसे घेता येतात. बास्केटबॉलची केटलिन क्लार्क आयोवा युनिव्हर्सिटीत असताना नाइकी आणि स्टेट फार्मच्या जाहिराती करायची, आणि २०२२ व २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं सलिव्हन तिला मिळालं, दोनदा मिळवणारी ती पहिलीच. तिने काही चुकीचं केलं असं अजिबात म्हणायचं नाहीये, उलट हेच बरोबर आहे, खेळणाऱ्याला पैसे मिळालेच पाहिजेत.

फक्त मग एक साधी गोष्ट करता आली असती. अवॉर्ड एएयूचंच आहे, यादीही त्यांचीच आहे, १९३६ चं सस्पेन्शनही त्यांनीच केलेलं होतं. मॉरिसचं नाव न काढता त्याच्या शेजारी दुसरं नाव लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, ऑलिंपिकवाल्यांनी थॉर्पच्या बाबतीत १९८२ ला नेमकं तेच केलं होतं.